अंगालगत

उत्तराताईंनी अंगालगत घालायचे दोन्ही इनर बादलीत बुडवले, घट्ट पिळले आणि प्राप्तीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत एकेक गुंडाळला.

"आता पंख्याखाली बस. आणि सांग, कुठला हात आधी कुडकुडतो."

जानेवारी महिना, डोंबिवलीच्या मानाने चांगलीच थंड सकाळ, आणि पंखा पाचावर. प्राप्तीची मैत्रीण मृणाल समोर चहा पीत बसली होती, तिला हसू आवरेना. उत्तराताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्त शिक्षकाला प्रयोग दाखवायला कुणी सापडलं की त्याला जो आनंद होतो तो त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्यांच्या गटाबरोबर पहिल्यांदा हिमालयात निघालेल्या प्रत्येकाला या बादलीला सामोरं जावंच लागे.

"डावा," प्राप्ती म्हणाली. "डावा एकदम गार पडला. उजवा ओला आहे, पण तेवढा गार नाही लागत."

"उजवा मेरिनो. मेंढीची लोकर. भिजली तरी ऊब सोडत नाही. डावा सिंथेटिक. थांब, काढू नकोस, अजून संपलं नाही."

चहा झाला, मृणालने दुसरा कप घेतला, तोवर डाव्या हातावरचं कापड जवळजवळ वाळलं होतं. उजव्यावरची लोकर तशीच जड आणि दमट होती.

"म्हणजे सिंथेटिक," मृणाल म्हणाली.

"तुम्हा दोघींना सिंथेटिक. प्राप्तीला तर नक्कीच," ताई म्हणाल्या. "माहुली गडाच्या चढावर पाहिलंय मी हिला किती घाम येतो ते. चढताना भिजणार, वर पोचून थांबली की वारा लागणार. तेव्हा अंगालगतचं कापड लवकर वाळलेलं बरं. मेरिनो वाळायला वेळ लावतं, सॅकच्या पट्ट्याखाली विरतं. त्याचा एक गुण मात्र सिंथेटिकला सात जन्मात यायचा नाही. रोज तेच घाला, मेरिनोला वास लागत नाही. आणि हे बघा."

त्यांनी आतून आपला जुना निळा इनर आणला. "मागच्या ट्रेकचा, सिंथेटिक. किती वेळा धुतलाय ते विचारू नका. घ्या, वास घ्या."

मृणालने वास घेतला, "ई" केलं आणि हसत तो प्राप्तीकडे टाकला. प्राप्तीने झेलला नाही. तो जमिनीवर पडला आणि प्राप्तीने पाय वर घेतले.

"मी मेरिनो घेईन," ती म्हणाली.

"अगं, आत्ता तर तुझ्याच हाताने..."

"मला मेरिनोच हवंय, ताई."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गणित बरोबर सोडवून उत्तर चुकीचं लिहिणाऱ्या मुलांकडे त्या असंच बघत असणार.

प्राप्ती कोपरीला कोळीवाड्यातल्या बैठ्या घरात राहायची, आई जनाबाईबरोबर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. जनाबाई खाडीपलीकडे कळव्याच्या मासळी बाजारात म्हावरं विकायची आणि प्राप्ती वर्तकनगरला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. डोळे तपासायचे म्हणजे माणसाच्या तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. लहानशा अंधाऱ्या खोलीत, वीतभर अंतरावर. प्राप्ती स्वतःचा श्वास रोखून धरायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघता बघता मधूनच त्याच्या नाकाकडे बघायची. नाक आक्रसलं का, एवढंच.

गोष्ट जुनी होती. पाचवीत असताना तिच्या बाकावरची मुलगी एक दिवस दप्तर उचलून मागे जाऊन बसली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मुलीने नाक चिमटीत धरलं आणि प्राप्तीकडे बोट केलं. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, अगदी थोड्या. घरी प्राप्तीने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिचे बाहेरचे कपडे पिशवीत गेले, पिशवी पेटीत गेली आणि पेटी पोटमाळ्यावर चढली. निघायच्या वेळी ती अगदी शेवटी, दाराशी उभी राहून कपडे बदलायची आणि उंबरा ओलांडल्यावर पुन्हा आत यायची नाही, डबा विसरला तरी. आई काय करते असं कुणी विचारलं तर "बिझनेस आहे" म्हणायची. खोटं बोलल्याचं पापही लागत नव्हतं.

जनाबाईचं आपलं वेगळंच होतं. प्राप्ती मैत्रिणींबरोबर रस्त्याने जात असली आणि समोरून डोक्यावर टोपली घेऊन जनाबाई आली, तर ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत बाजूने निघून जायची. तिला वाचता येत नव्हतं. पण प्राप्तीला कायम वाटत आलं होतं की आईचं आपल्याकडे लक्ष नसतं, आणि तेच बरं आहे.

डोंगर तिला आवडायचे ते वाऱ्यासाठी. माहुलीच्या माथ्यावर वारा असा सुटलेला असतो की कुणाच्या अंगाचा वास कुणाला येतो हा प्रश्नच उरत नाही. तिथे ती मृणालच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायची, खाली उतरलं की दोन पावलं लांब चालायची. हिमालयाचं तिच्या मनाने केव्हाचं घेतलं होतं. देवदाराचं जंगल, त्याच्या वर बर्फाची खिंड, सगळे व्हिडिओ तिचे पाठ होते. व्हिडिओत एक गोष्ट नव्हती. तिथे आंघोळ नाही, आणि रोज रात्री मृणालला खेटून झोपायचं, एवढ्याशा तंबूत, चेन लावून. तंबूत वारा नसतो.

म्हणून मेरिनो. राखाडी रंगाचा, अंगाला मऊ. पाकीट आलं त्या दिवशी तिने तो घालून आरशात पाहिलं, मग काढून नाकाशी धरला. त्याला कसलाच वास नव्हता. प्राप्तीला इतका आनंद झाला की ती तो तसाच नाकाशी धरून खाटेवर बसून राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने सॅक भरता भरता तो खुंटीला अडकवला, आणि उशीर झाला म्हणून तशीच कामावर पळाली.

संध्याकाळी परत आली तेव्हा मोरीच्या दोरीवर काहीतरी राखाडी लटकत होतं. तिला आधी वाटलं, शेजारच्या बाळाचं स्वेटर आहे. जवळ जाऊन हात लावला तर घोंगडीच्या तुकड्यासारखं जाड आणि टणक लागलं. मानेपाशी कंपनीचा शिक्का होता.

"आये," ती म्हणाली, "हे काय केलंस?"

जनाबाई चुलीपाशी भात वाढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"धुतला. आटला गो जरासा. वालला का दोगी दोन बाजूंनी तानू."

"जरासा? हे आता मांजराला नाही व्हायचं. अगं, नवा होता तो. एकदा पण घातला नव्हता. धुतलास कशाला?"

"खुंटीला लावून गेलीस. खाली सुक्या जवल्याची पिशवी व्हती, तोंड सुटलेली. मना वाटला, वास लागल."

"मग गरम पाण्यात?"

"वास काय थंड पान्यानं जातो? पानी उकललं, सोडा टाकला, लिंबाच्या साली टाकल्या, चांगला आपटला. तुजा शालेचा डरेस असाच धुवाची मी. रोज."

तिचा शाळेचा ड्रेस वर्गात सगळ्यात विटका असायचा. निळा स्कर्ट दिवाळीपर्यंत पांढुरका पडायचा. कापड स्वस्तातलं म्हणून, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"शाळेचा का धुवायचीस असा?"

जनाबाईने भाताची ताटली तिच्यापुढे सरकवली. "तू पेटी वर चढवलीस तवा मना कललं नाय का? येवढीशी पोर, खुर्चीवर खुर्ची ठेवून पेटी चढवते. कोन कायतरी बोललं असल तुला." ती जरा थांबली. "तवाच त कलव्याला जागा घेतली. कोपरीचा बाजार तुज्या शालेच्या वाटंवर. तुला सांगितला, कलव्यात धंदा जास्ती. धंदा कसला, पैला वरीस माशा मारत बसल्याली."

प्राप्ती तशीच उभी राहिली. हातात ते आटलेलं लोकरीचं गाठोडं होतं. तिला आईवर ओरडायचं होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, आणि दोन्ही जमत नव्हतं. वासाची लाज तिच्या अंगवळणी पडली होती. आज जी लाज वाटत होती तिचं काय करायचं हे तिला कळेना.

"आनि ते पाट्या वाचतेस रस्त्यात," ती शेवटी म्हणाली. आईची भाषा तिच्या तोंडात आपोआप आली. "त्या पन माज्यासाठीच?"

"भात जेव गो. थंड होते."

प्राप्ती जेवली नाही. ओसरीवर जाऊन तिने उत्तराताईंना फोन लावला.

"ताई, मी नाही येत उद्या."

"का? पाय मोडला?"

"नाही."

"ताप आहे?"

"नाही. मेरिनो आटला. आईने गरम पाण्यात धुतला."

"नवाकोरा? तो कशाला धुतला?"

इथे काहीही सांगता आलं असतं. चहा सांडला म्हणता आलं असतं. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. जनाबाई ऐकत होती.

"माझी आई म्हावरं विकते, ताई," प्राप्ती म्हणाली. "कळव्याला बसते. घरात सुकं म्हावरं असतं. मला कुणी वास येतो म्हणून हसू नये म्हणून धुतला तिने."

पलीकडून ताईंचा तो वर्गातला आवाज आला. "बरं. माझा निळा आहे ना, तो उद्या कल्याण स्टेशनवर देते तुला. मी दुसरा घालीन."

"तो निळा?"

"हो, तोच. वासासकट. आणि आईंना सांग, लोकर गार पाण्यात धुवायची. सकाळी वेळेवर ये."

प्राप्ती आत आली. जनाबाई ताटलीवर झाकण ठेवून बसली होती.

"जाशील ना?" तिने विचारलं.

"जाईन."

"मग जेव."

हिमालयात निळा इनर अंगात घातल्यावर पहिले दोन दिवस प्राप्तीने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून ठेवली. तंबूत ती कडेला, कापडाला नाक लावून झोपायची. चढ खरोखर अंग भिजवणारा होता. दर विसाव्याला तिला वाटायचं आता गारठणार, पण सॅक उतरवून चार गोष्टी बोलेपर्यंत पाठ कोरडी व्हायची. ताईंची बादली खोटं बोलली नव्हती. मृणालने मात्र ऐनवेळी हौसेने मेरिनो घेतला होता, आणि ती दुपारभर दमट पाठीने नशिबाला बोल लावत चालायची.

खिंडीच्या आदल्या मुक्कामी बर्फ पडायला लागलं. तंबूत बूट, मोजे, ओले हातमोजे आणि दोघींची डोकी, सगळं एकाच जागी. मृणाल पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"प्राप्ती, खरं सांग. हा वास माझा आहे की तुझा?"

किती वर्षं प्राप्ती या प्रश्नाची वाट चुकवत आली होती. आणि आता तो असा समोर आला होता, लोकरीची टोपी घातलेला, नाक गळत असलेला.

तिने कॉलर ओढून इनरमध्ये नाक घातलं आणि नीट वास घेतला.

"अर्धा ताईंचा आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचा. उरलेला माझा. मोजे तुझे."

मृणाल खो खो हसत सुटली, आणि तंबू हलून छतावरचा बर्फ सरसर खाली घसरला. हसणं ओसरल्यावर प्राप्तीने तिला सगळं सांगितलं. बाक, पेटी, आटलेला इनर, कळवा. मृणालने स्लीपिंग बॅग नाकापर्यंत ओढून घेतली. प्राप्ती पुन्हा कापडाकडे सरकायला लागली.

"म्हणजे तुझी आई कळव्याला ताजे बोंबील विकते," मृणाल हळूच म्हणाली, "आणि मी वर्तकनगरला ते बर्फातले शिळे रबर खातेय. मैत्रीण म्हणवतेस?"

दुसऱ्या दिवशी खिंडीत वारा इतका होता की उभं राहता येत नव्हतं. प्राप्तीने मृणालच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. खाली उतरतानाही ती दोन पावलं लांब चालली नाही.

परतीला गाडी कल्याणला आली तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. ताई डोंबिवलीला गेल्या. दोघींनी ठाण्यासाठी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने चारही काचा खाली केल्या. कळवा आलं तसं प्राप्ती म्हणाली, "मला इथेच सोडा."

"घरी नाही जात? आंघोळ?" मृणालने विचारलं.

"आधी आईकडे जाऊन येते."

आई बाजारात नेमकी कुठे बसते हे तिला ठाऊक नव्हतं. ती इथे कधी आलीच नव्हती. पाठीवर सॅक घेऊन ती ओल्या वाटेवरून दोन रांगा हिंडली, तिसऱ्या रांगेच्या टोकाला जनाबाई दिसली. पुढ्यात बोंबील, थोडी कोलंबी, बाजूला बर्फाचा डबा. जनाबाई बर्फात दोन्ही हात घालून बांगडे वर काढत होती आणि तिच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जाड राखाडी काहीतरी होतं.

"आये."

जनाबाईने मान वर केली. तिच्या तोंडावर एकदम आनंद आला आणि लगेच घाईने तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी प्राप्तीच्या ओळखीचं नाही ना म्हणून.

"तू इकरं कशी? पोचलीस का वरती?"

"पोचले. हे हातात काय आहे?"

"तुज्या त्या आटलेल्याचे हात कापले, तानून चढवले." जनाबाईने एक हात पुढे केला. लोकर ओलीचिंब होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. प्राप्तीने आत बोट घालून पाहिलं. आतलं मनगट गरम होतं. "सकालपासना बर्फात हात, तरी कललं नाय. बोटं आखडत नाय आता. आनि वास पन नाय लागत गो येला. नुस्ता पान्यातून काढते." तिने जरा ओशाळं हसून घेतलं. "उगाच धुतला बग मी."

एक बाई येऊन वाकल्या. गळ्यात ऑफिसचं कार्ड, खांद्याला पर्स. त्यांनी बोंबलांवर नजर फिरवली आणि त्यांचं नाक आक्रसलं.

"मावशी, ताजे आहेत ना? कसला तरी वास येतोय."

प्राप्तीने आईकडे पाहिलं. जनाबाईची नजर पटकन खाली गेली, मग बाजूला, पाट्या शोधायला गेल्यासारखी. पण मासळी बाजारात पाट्या नव्हत्या. प्राप्ती होती तिथेच उभी राहिली, जॅकेटची चेन उघडी टाकून.

जनाबाईने मान वर केली.

"म्हावरा ताजा हाय, ताई. हात लावून बगा. वास येते तो माज्या पोरीचा. हिमालयातना आयली आता, अंगाला पानी नाय लागला तिच्या."

बाईंनी प्राप्तीकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं, आणि त्या हसल्या. मग बोंबील निवडायला लागल्या. प्राप्तीने सॅक भिंतीला टेकवली, एक रिकामा क्रेट उलटा टाकला आणि त्यावर आईला खेटून बसली.

"लांब बस गो," जनाबाई म्हणाली, पण स्वतः सरकली नाही.